सिंधुच्या नावानं

सोमवार, ६ जानेवारी २०२५

भरला! फॉर्म भरला. नाव — सिंधु. वय — ५६. गाव — नांदेड. शिवणाचा अनुभव — 'भरपूर'.

एकसष्ट वर्षांचा घोडा झालो आणि बायकोच्या नावानं फॉर्म भरला. कुणाला सांगायची सोय नाही, म्हणून या वहीला सांगतो. दुकानातली मापाची वही आहे ही. मागची पानं कोरी राहिली होती. पुढच्या पानांवर गिऱ्हाइकांच्या छात्या आणि कमरा, त्यातली निम्मी माणसं आता हयात नाहीत.

झालं असं. इथंच, वजिराबादला दोऱ्याच्या दुकानात गेलो होतो. तसं आता दोऱ्याचं काय काम, दुकान बंद करून तीन वर्षं झाली, पण पाय जातात. भिंतीवर कागद चिकटवलेला — 'मशीनवरची मोकळी शिवण आणि कलात्मक गोधडी. दोन दिवसांची कार्यशाळा, लातूर, १५ व १६ फेब्रुवारी. घरच्या सरावासाठी महिनाभर आधीपासून ग्रुप.' आणि खाली जाड अक्षरांत — 'फक्त महिलांसाठी'. वर एका गोधडीचा फोटो. मशीननंच शिवलेली, पण एक ओळ सरळ असेल तर शपथ! ओढ्याचं पाणी वळतं तशी शिवण. चाळीस वर्षं मशीनवर बसलो, मशीनला असंही येतं हे मला माहीत नव्हतं. दहा मिनिटं तिथंच उभा राहिलो. दुकानदार म्हणाला, "काय मास्टर, काकूला पाठवता का?"

"हाव," म्हणालो.

काकू सतरा महिन्यांपासून रेणापूरला भावाकडं राहते, हे त्याला कशाला सांगू?

मंगळवार, ७ जानेवारी

ग्रुपमध्ये घेतलं. सकाळी नऊपासून फोन वाजतोय. 'स्वागत सिंधुताई!' 'या ताई या!' 'नांदेडच्या का? माझं माहेर नांदेड!' अकरा बायका बोलल्या. अकरा माणसांनी एका दिवसात माझी दखल घ्यावी, हे दुकान होतं तेव्हाच व्हायचं. आता आदिनाथचा पुण्याहून रविवारी फोन येतो. "बाबा, जेवलात का? आई बरी आहे." चार मिनिटांत लेकाचं कर्तव्य संपतं.

फोटोच्या जागी जास्वंदीचं फूल लावलं.

गुरुवार, ९ जानेवारी

कार्यशाळा घेणाऱ्या बाईंचं नाव महामाया. सगळ्या त्यांना मॅडम म्हणतात, मीही म्हणतो — म्हणजे सिंधु म्हणते. पहिला अभ्यास: घरातली जुनी, मऊ झालेली कापडं काढायची, वीतभर तुकडे करायचे, आणि कोणतं कापड कुणाचं, कधीचं, ते लिहायचं.

सगळ्यांनी आपापली ओळखही करून दिली. एका बाईनं बोलून पाठवली. आवाज असा की फोन कानापासून लांब धरावा लागला — "म्या सरजाबाई! रेणापूरची! मशीन मला धड येत न्हाई, पर वाकळी लई केल्या!"

रेणापूर! फोन पालथा घातला, घरात एक चक्कर मारली, परत सुलटा केला. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. रेणापूर म्हणजे काय चार घरांची वाडी आहे? तालुक्याचं गाव. कोण कुणाला ओळखतं तिथं.

शुक्रवार, १० जानेवारी

कपाट उघडलं. सिंधुच्या तीन साड्या मागं राहिल्यात. एक जांभळी, एक पिवळी, एक कशी म्हणावी — राखी. कोणती कधीची? मला सांगता येईना. दहा वर्षांपूर्वीच्या गिऱ्हाइकाच्या कोटाचं अस्तर कुठल्या रंगाचं होतं ते विचारा, आत्ता सांगतो.

अंदाजानं लिहिलं, 'जांभळी — लेकाच्या बारशाची.' खोटंच.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. ग्रुपवर नुसती सुगडी आणि हलव्याचे दागिने. दुपारी एकीनं विचारलं, 'सिंधुताई, यंदा वाण काय लुटलं?'

काय लुटतात बायका? सिंधु दरवर्षी काहीतरी लुटायची. घरात वीस-पंचवीस बायका यायच्या, मी दुकानात असायचो. रात्री घरी आलो की उंबऱ्यात हळदीकुंकू सांडलेलं दिसायचं, आणि मी म्हणायचो, हे पुसून घे. काय लुटलंस म्हणून एकदाही विचारलं नाही. शेवटी लिहिलं — 'मशीनच्या सुया.'

काय कौतुक झालं म्हणून सांगू! 'किती वेगळं सुचलं ताई!' 'पुढच्या वर्षी मीसुद्धा!' दिवसभर छाती फुगवून हिंडलो घरातल्या घरात.

संध्याकाळी समोरच्या घरी हळदीकुंकू होतं. बायका हसत-बोलत माझ्या दारावरून गेल्या. घरात बाई नाही, मग या दाराकडं कोण वळणार? तिळाचा एक दाणाही घरात नव्हता आज.

बुधवार, १५ जानेवारी

सुयांची दोन पाकिटं आणली. कुणाला देणार? ठेवलीत.

शनिवार, १८ जानेवारी

दुसरा अभ्यास. पेन्सिल न उचलता कागदावर रेघ काढत राहायचं. वळवायची, फिरवायची, हवी तशी नाचवायची. हात मोकळा होतो म्हणे.

जमेना! हात आपोआप सरळ जातो. वळवला तर बाहीच्या मुंढ्याचा आकार होतो, नाहीतर कॉलरचा. पाच कागद झाले आणि पाचही कागदांवर पँट-शर्ट! हसू आलं. पण एकटा माणूस किती वेळ हसणार.

दुपारी निजामोद्दीन आला. माझ्या दुकानाला लागून तीस वर्षं त्याची काज-बटनाची टपरी होती, आता घरोघर जाऊन मशिनी दुरुस्त करतो. या जगात माझी ही भानगड त्याला एकट्यालाच ठाऊक आहे. त्यानं मशीन पालथं घालून खालचा स्क्रू ढिला केला आणि दात खाली पाडून दिले. दात म्हणजे कापड पुढं ढकलणारी दातेरी पट्टी. ती वर असली की कापड सरळच जातं, तुमची इच्छा असो-नसो. खाली पाडली की कापड सुटतं, मग हातानं कुठंही न्या.

"हे तर रफूच हाय मास्टर," तो म्हणाला. "आपले रफूगार हेच करायचे की. तुमीच त्यांना दुकानात बसू दिलं न्हाई."

"माझ्या दुकानात रफू कामून? फाटेल असं म्या शिवलंच न्हाई कधी."

तो हसला, चहा पिऊन गेला. तासाभरात तीन सुया मोडल्या.

सोमवार, २० जानेवारी

ग्रुपवर पुनम नावाची पोरगी आहे, नायगावची. आज तिनं लिहिलं, 'नवरा म्हणतो तुझी शिवण म्हणजे बैल मुतल्यासारखी. सगळ्या घरासमोर म्हणाला. मला यायचंच नाही आता कार्यशाळेला.'

सगळ्या धावून गेल्या तिच्यासाठी. मीही लिहिलं, 'त्याला म्हणावं, एक दुपार माझ्याजवळ बसून बघ, मग बोल.' फार आवडलं ते सगळ्यांना. पुनमनं मला वेगळं लिहिलं — 'ताई, तुमच्यामुळं धीर आला.'

मी कुणाला धीर दिला! आणि त्याच वेळी मनात, की तिच्या नवऱ्याच्या जागी मी असतो तर दुसरं काय म्हणालो असतो? हेच. शब्दसुद्धा हेच.

बुधवार, २२ जानेवारी

सरजाबाईनं मला वेगळा मेसेज पाठवला. ग्रुपवर ती बोलून पाठवते, हा मात्र लिहिलेला होता. 'ताई, तुमचे मालक काय करतात?'

लिहिलं, 'टेलर होते. नांदेडात नाव होतं. आता घरीच असतात.'

'स्वभाव कसा आहे?'

आली का पंचाईत! बायका नवऱ्याबद्दल काय लिहितात? नुसतं चांगलं लिहिलं तर खरं वाटायचं नाही. लिहिलं — 'हुशार आहेत. पण चिडके. कुणाचं काम पसंत पडत नाही.' पाठवून टाकलं आणि मग वाचलं. कुणी लिहिलं हे? मीच! कुणी दुसऱ्यानं म्हटलं असतं तर कात्री घेऊन अंगावर गेलो असतो.

'स्वयंपाक येतो का त्यांना?'

'आता शिकलेत. भात करपवतात.'

'आता का शिकले? तुम्ही आहात ना घरात?'

'मला मधे बरं नव्हतं,' असं लिहून वेळ मारून नेली. लई चौकस बाई आहे. पण खरं सांगतो, कुणीतरी माझ्या भाताची चौकशी केली, बरं वाटलं.

शनिवार, २५ जानेवारी

तिसरा अभ्यास — घरातल्या एखाद्या गोधडीची गोष्ट लिहा. सगळ्यांनी लिहिल्या. दुपारी सरजाबाईचा मेसेज: 'ताई, तुम्ही काहीच लिहिलं नाही. तुमच्या घरी वाकळ असेलच की.'

म्हटलं, हिला तरी लिहू. सिंधुच्या बाजूनं लिहायचं होतं. लिहिलं ते इथं उतरवून ठेवतो.

'नातीसाठी वाकळ करत होते. माझ्या चार साड्या, सासूबाईंचं एक लुगडं, आदिनाथची लहानपणीची चादर. वर्षभर दुपारी बसून हातानं धावदोरा घातला. चार बोटं राहिली होती. हदगावला भाचीचं लग्न होतं, म्हणून आठ दिवस गेले. परत आले तर मालकांनी माझे सगळे टाके उसवले होते आणि वाकळ मशीननं शिवून ठेवली होती. फूटपट्टी लावून, इंचा-इंचावर. म्हणाले, बघ आता कशी दिसते.'

हीच गोष्ट सतरा महिने मी स्वतःला सांगत आलोय, पण माझ्या बाजूनं. त्या गोष्टीत मी आठ दिवस पाठ मोडून काम करतो, बायकोला खूश करावं म्हणून. आणि बायको एका शब्दानं बरं म्हणत नाही, पंचमीला माहेरी जाते आणि परतच येत नाही. किती कृतघ्न बाई! आज 'मालकांनी माझे टाके' इथवर आलो आणि बोट पुढं जाईना. माझे टाके. वर्षभराच्या दुपारी होत्या त्या. ती दुपारची काय करते, कशी बसते, मला कधी माहीतच नव्हतं. वाकळ तेवढी दिसायची. ती मी ब्लेडनं उसवली आणि दोरे केरात टाकले.

तिनं वाकळ उलटी करून बघितली होती. "माझे टाके कुठायत?" एवढंच विचारलं होतं.

आणि मी म्हणालो होतो, "काढले. वाकडे होते."

हेही सरजाबाईला पाठवलं. लपवून काय करू. पाठवल्यावर रडलो. वहीपाशी कसली लाज.

सोमवार, २७ जानेवारी

सरजाबाईचं उत्तर नाही. वाचल्याच्या निळ्या खुणा झाल्यात. दोन दिवस झाले.

बुधवार, २९ जानेवारी

आलं! 'मग तुम्ही काय केलं?'

'पंचमीला माहेरी गेले.'

'परत कशा आलात?'

परत! ग्रुपवरची सिंधु नांदेडात राहते, वाण लुटते, मशीन चालवते. म्हणजे ती कधीतरी परत आली असणार. कशी आली ते मलाच ठरवायचं होतं.

दीड वर्षात मी एकदाही रेणापूरला गेलो नाही. फोन केला नाही. ती गेली, तिनं यावं — हे एक धरून बसलो. आदिनाथ एकदा म्हणाला, "बाबा, जाऊन तर बघा." त्याच्यावरच खेकसलो, "म्या हाकललं का तिला?" सुंभ जळतो, पीळ जात नाही म्हणतात ते माझ्यासारख्यालाच बघून म्हटलं असेल.

लिहिलं — 'मालक न्यायला आले. दारात उभे राहिले. माझ्या भावानं आत या म्हटलं तर आले नाहीत. म्हणाले, आधी तिला बोलवा, माझी चूक झालीय.'

किती चांगला माणूस लिहिला मी! लिहायला दोन मिनिटं लागली. असं वागायला दीड वर्षात जमलं नाही.

सरजाबाईनं बऱ्याच वेळानं लिहिलं, 'नशीबवान आहात.'

रविवार, २ फेब्रुवारी

ट्रंक उघडली. वाकळ ती घेऊन गेली नव्हती, तळाशी घडी घालून ठेवली होती. नातीला आदिनाथनं बाजारातून रजई आणली त्याच वेळी.

उन्हात नेऊन पसरली. माझ्या ओळी एकदम सरळ, त्यात वाद नाही. पण कापड उजेडात धरलं की तिच्या सुईची भोकं अजून दिसतात. जुन्या कापडाचं भोक लवकर बुजत नाही. बोटानं त्या भोकांमागोमाग गेलो. तासभर गेलो असेन.

वाकडी नव्हतीच तिची शिवण. जिथं लुगडं विरलं होतं तिथं टाके दाट, जवळजवळ. जिथं कापड धड तिथं लांब. ठिगळ आलं की त्याच्या कडेनं वळसा. प्रत्येक गिऱ्हाइकाचं माप वेगळं घ्यायचं, हे मी चाळीस वर्षं पोरांना शिकवलं, आणि ती प्रत्येक तुकड्याचं माप वेगळं घेत होती ते मला दिसलं नाही. माझी शिवण विरलेल्या जागेवरूनही नाकासमोर गेलीय. तिथं कापड फाटायला लागलंय. आणि मी निजामोद्दीनला म्हणतो, फाटेल असं शिवलंच नाही!

परत घडी घातली. तिला हात लावायचा नाही असं ठरवलं. सराव चिंध्यांवर करायचा.

बुधवार, ५ फेब्रुवारी

जमलं! आज जमलं! पेन्सिलनं काही काढलंच नाही. कापडाचा तुकडा बघितला, कुठं पातळ आहे, कुठं जाड आहे, आणि त्याच्या मागं हात जाऊ दिला. सुई मोडली नाही. दोरा तुटला नाही. फोटो टाकला. मॅडमनी लिहिलं, 'सिंधुताई, हात सुटला तुमचा!' आणि सरजाबाईचा आवाज — "आत्ता कुठं वाकळीवानी दिसायली बगा!"

कुणालातरी तुकडा हातात देऊन दाखवावा असं फार वाटलं. निजामोद्दीनला फोन लावला तर तो नायगावला गेलेला. तुकडा समोर ठेवून जेवलो. भात करपला होता.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

मॅडमनी राहायची यादी टाकली. एका खोलीत दोघी. 'खोली तीन — सिंधुताई (नांदेड), सरजाबाई (रेणापूर).'

लगोलग सरजाबाई — "लई ब्येस झालं! मला सिंधुताईसंगं पोटभर बोलायचंय!"

मेलो!

खरं तर मी मनात ठरवलं होतं की ऐनवेळी जाऊन सांगायचं, सिंधुला ताप आहे, तिच्या जागी मला बसू द्या. आता तेही धड वाटेना. या बाईनं माझं सगळं ऐकून घेतलंय. तिला दारात कुठल्या तोंडानं सांगू?

शनिवार, ८ फेब्रुवारी

निजामोद्दीन म्हणाला, "सांगून टाका मास्टर. खोटं रोज सांभाळावं लागतंय, खरं एकदाच सांगावं लागतंय."

"बाया तोंडावर थुंकतील रे."

"थुंकू द्या. घरी येऊन तोंड धुवा."

याच्याकडं सगळ्याला इलाज आहे!

सोमवार, १० फेब्रुवारी

सकाळी अकराला ग्रुपवर टाकलं. चारदा लिहिलं, तीनदा पुसलं.

'मी सिंधु नाही. तिचा नवरा, शेषेराव टेलर. फक्त महिलांसाठी होतं म्हणून तिचं नाव दिलं. ती दीड वर्षापासून माहेरी आहे, मी तिची वाकळ उसवली म्हणून. मी तिला न्यायला कधीच गेलो नाही, गेलो असं कुणाला लिहिलं असेल तर ते खोटं आहे. संक्रांतीच्या सुयाही खोट्या. तुम्ही सगळ्या मला बाई समजून मोकळेपणानं बोललात, मी ऐकत राहिलो. माझं चुकलं.'

अर्ध्या तासात दोघी ग्रुपमधून निघून गेल्या. पुनमनं लिहिलं, 'मी माझ्या घरातलं तुमच्याजवळ बोलले. लाज नाही वाटली काका?' वाटली बाई. पण उशिरा वाटली.

सरजाबाई गप्प. ग्रुपवरही गप्प, मलाही काही नाही.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

महामाया मॅडमचा फोन. "काका, मला राग आलाय," हे पहिलं वाक्य. मी उभं राहूनच ऐकलं. "गेलेल्या दोघींना मी समजावीन. पण तुम्हाला बायकांमध्ये शिकायला बसवता येणार नाही."

"बरोबर हाय," म्हणालो.

मग त्याच म्हणाल्या, "अठरा मशिनी येणारेत. निम्म्यांचे दात खाली पडत नाहीत. मेकॅनिक म्हणून येता का? दारापाशी बसायचं, कुणी बोलावलं तरच आत यायचं. राहायची सोय तुमची तुम्ही बघा."

शेषेराव मास्टर, मेकॅनिक म्हणून, दारापाशी! पीळ उठला एकदा. पण मग वाटलं, दारापासून दिसेल तेवढं तर दिसेल. "येतो," म्हणालो.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

पिशवी भरली. पेचकस, तेलाची कुपी, ब्रश, सुयांची ती दोन पाकिटं. मशीन नेत नाही. मेकॅनिकला स्वतःचं मशीन कशाला?

फोन गप्प आहे. दर अर्ध्या तासानं बघतो. सरजाबाईनं शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं. महिनाभर एक माणूस मला विचारत होतं — काय करता, काय खाता, मग काय झालं. सिंधुच्या नावानं का होईना, मी उत्तर देत होतो. शेषेरावला असं कुणी विचारत नाही. सिंधु गेली तेव्हासुद्धा घर एवढं रिकामं वाटलं नव्हतं. तेव्हा राग होता सोबतीला. आता तोही राहिला नाही, आणि सबंध दिवसात दूधवाल्याशी दोन शब्द बोललो तेवढेच.

परवा पहाटे साडेपाचची गाडी आहे लातूरला.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

सरजाबाईच्या नंबरावरून आत्ता आलं. लिहिलेलं. जसंच्या तसं उतरवतो.

'मी सिंधु. फोन सरजाबाईंचा, त्या आमच्या शेजारी राहतात. पहिल्याच दिवशी त्यांनी मला ग्रुप दाखवला, नंबर तुमचा आहे हे मी ओळखलं. ग्रुपवर बोलायच्या त्या. तुम्हाला लिहून विचारत होते ती मी. माझ्या नावानं आता लिहू नका. तुम्ही न्यायला आलात, दारात उभे राहिलात, ते मी रोज काढून वाचत होते. खोटं आहे हे मला माहीत नव्हतं का? दारात अजून कुणी आलेलं नाही.'

महामाया मॅडमना कळवलं, उद्या मला यायला उशीर होईल. आधी रेणापूरला जायचंय.